खंडेनवमीला दिलेली सुट्टी

मेलेला कॉम्प्युटर कोणता आणि नुसता अडकलेला कोणता, हे मला दुकानाच्या पायरीवरून कळतं. बढाई मारते म्हणा हवं तर. सारडा सर्कलच्या अलीकडे माझं दुकान आहे, पाटीवर माझंच नाव आहे, हुस्नबानो, आणि नाशकात लोक फ्लॉपीला कॅसेट म्हणायचे तेव्हापासून मी ह्या पेट्या उघडते आहे. आताची पोरं लॅपटॉप उघडतात, दोन स्क्रू हरवतात आणि वर मलाच विचारतात, मॅडम, हा जुना माल कशाला सांभाळता. मी म्हणते, तुझ्यासाठी नाही सांभाळत बाबा, तू आपला चहा पी आणि निघ.

दसरा होऊन काही दिवस झाले होते. सकाळी दुकान उघडते तोच हर्षल आला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांचं, वाल्मीकनानांचं, छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या वायरकट मशीनची आणि माझी जुनी ओळख. वायरकट म्हणजे केसासारख्या बारीक पितळेच्या तारेत करंट सोडून पोलाद कापायचं. तार पोलादाला शिवतसुद्धा नाही आणि पोलाद कापलं जातं. कुठून सुरुवात करायची, कुठे वळायचं, हे त्या तारेला सांगणारा कॉम्प्युटर मशीनच्या शेजारी उभा असतो. तो मशीनबरोबरच तैवानहून आलेला, हर्षल तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, आणि दुसरा कुठला कॉम्प्युटर लावला तर ही मशीन त्याचं ऐकत नाही.

हर्षल म्हणाला, तो कॉम्प्युटर गेला. ओळखीच्या एकानं बघितला आणि सांगितलं, भंगारात घाला. आता मशीनही त्याच्यासोबत गेली म्हणायची. मी विचारलं, गेला म्हणजे काय झालं नेमकं? पोरगा घुटमळायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

खंडेनवमीला अंबडच्या शेडाशेडांत मशिनींची पूजा असते. मशीन पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही. वर्षभर राबते बिचारी, एक दिवस बसू दे. हर्षलचं लग्न मे महिन्यात झालेलं. बायको वैष्णवी, बागलाणातल्या नामपूरची. यंदाची पूजा नव्या सुनेच्या हातून, असं ठरलं. तिनं मन लावून केली. लेथ बंद केलं, ड्रिल बंद केलं, वायरकट बंद केली, सगळ्यांना माळा घातल्या. मागे राहिला हा कॉम्प्युटर, आपला घरघरत उभा. तिला वाटलं, सगळ्यांना सुट्टी आणि ह्यालाच तेवढी नाही, हे काही बरं नाही. तिनं त्याचंही बटण बंद केलं आणि त्यालाही माळ घातली. दसरा झाल्यावर चालू केला, तर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि गाडी तिथेच थांबली.

"तो कधी बंदच करायचा नाही, असं होतं मावशी," हर्षल म्हणाला. "मल्हारीकाका ऑपरेटर होते तेव्हापासून. का, ते कुणालाच माहीत नाही."

मल्हारी मला आठवत होता. दोनेक वर्षांपूर्वी तो वारला. बंद न करण्याचं कारण कुणाला सांगून गेला नाही. मी म्हटलं, कारण मला ठाऊक आहे, चल. पिशवी उचलली, तरी हर्षल जागचा हलेना. म्हणाला, अजून एक आहे.

अजून एक म्हणजे त्याची आई, झुंबरबाई. त्या म्हणत होत्या, हा पोरीचा पायगुण. घरात आली आणि पहिल्याच पूजेला मशीन बसली. आता रविवारी तिच्या वडिलांना बोलावलं होतं, तिला घेऊन जायला. मी म्हटलं, जाऊ दे की, दिवाळसण आहे पहिला. तो म्हणाला, दिवाळीला अजून वेळ आहे मावशी, आणि आई म्हणते मी बरोबर जायचं नाही. परत कधी आणायचं ते मशीन चालू झाल्यावर बघू, म्हणते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला दिवाळसण, आणि पोरगी आधीच माहेरी, तीही जावयाशिवाय. नामपूरसारख्या गावात ही बातमी कांदा मार्केट उघडायच्या आत घरोघर पोचते. आणि मशीन चालूच झाली नाही तर? पायगुण हा शब्द आमच्या घरांत नसला तरी मनहूस आहेच, आणि तो एकदा बाईच्या नावाला चिकटला की कशानं निघत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी हर्षलला विचारलं, तू काय बोललास मग? तो माझ्या टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत म्हणाला, आईला कोण समजावणार. त्यावर मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. इंजिनियर मुलगा, बायकोसाठी तोंड उघडायची वेळ आली की मूग गिळून बसतो.

अंबडला पोचले तर झुंबरबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या. बाई वाईट नाही. नानांची कंपनीतली नोकरी सुटली तेव्हा ह्या एका मशीननं घर चालवलं, आणि रोज सकाळी शेडमध्ये आल्यावर बाई आधी मशीनला हात लावून पाया पडते, मग बाकीचं. भ्यायली होती ती. भ्यायलेल्या माणसाला कुणीतरी धरायला लागतं, आणि नवी सून हाताशीच होती. वैष्णवी आतल्या बाजूला, चहाच्या कट्ट्याजवळ उभी होती. उंच, सावळी, ओठ घट्ट मिटलेले. मशीनच्या जवळ यायची तिला परवानगी नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मी झाकण काढलं. आत, सर्किटच्या पट्टीच्या कोपऱ्यात, एक छोटी नळकांडीसारखी बॅटरी होती आणि तिच्याभोवती हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं. बॅटरी फुटून, पाझरून, वाळून गेलेली. मी नानांना आणि झुंबरबाईंना बोलावून दाखवलं. सांगितलं, पेटी बंद असताना आपल्या आत काय काय जोडलंय हे तिच्या लक्षात राहावं म्हणून ही बॅटरी असते. ही मेली की पेटीला स्वतःचीच ओळख उरत नाही. मल्हारीला हे कळलं असणार. त्यानं नवी बॅटरी टाकायची सोडून सोपा रस्ता काढला, पेटी इन्व्हर्टरवर टाकली आणि बंद करायची नाही असा नियम करून टाकला. ही बॅटरी मेली तेव्हा तुमची सून नामपूरच्या शाळेत पाढे म्हणत असेल, मी म्हटलं.

झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं कशी चालली? हिनं हात लावला अन् बसली. तुमचं ते बॅटरी-बिटरी ऱ्हाऊ द्या, बानोताई."

माझा पारा चढला, पण घडलं तर होतं तसंच. इतकी वर्षं चालली आणि तिच्याच हातानं बसली. मी कितीही समजावलं तरी ते खोडून निघणार नव्हतं. मशीन चालली तरच काही बोलण्यात अर्थ होता. नानांनी हळूच विचारलं, होईल ना ताई? मी म्हटलं, होणार नसती तर नाना, मी एव्हाना घरी जेवत बसले असते. रविवारी सकाळी तार चालू करून देते.

बोलून गेले आणि कामाला लागले. पेटी शेडमध्येच ठेवली, कारण मशीनला जोडणारं कार्ड आणि त्या जाडजूड केबली दुकानापर्यंत नेणं म्हणजे आजाऱ्याला उगाच गाडीत घालून फिरवणं. चालू केल्यावर पडद्यावर त्याच दोन ओळी यायच्या आणि पेटी म्हणायची, बटण दाबा, मग पुढे जाते. बटण दाबलं तर काही नाही. दुसरा कीबोर्ड लावला, तिसरा लावला, तरी तेच. मग लक्षात आलं. बॅटरीतून पाझरलेल्या रसानं कीबोर्डकडे जाणारी तांब्याची बारीक रेघ खाऊन टाकली होती. पेटी अखंड चालू होती, गरम होती, तोवर ती रेघ कशीबशी तग धरून होती. थंड झाली आणि तुटली. म्हणजे पेटीला तिची ओळख सांगायला मी तयार, पण तिचे कान बंद.

उपाय सोपा आहे. लिंबू लावून तो हिरवा थर काढायचा, स्पिरिटनं पुसायचं आणि तुटलेल्या रेघेवरून तारेचा एक धागा टाकून दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग द्यायचा. हे मी डोळे मिटून करायची. आता डोळे उघडे ठेवूनही होत नाही, कारण माझ्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो आणि ती रेघ मुंगीच्या मिशीएवढी. हर्षलला टॉर्च धरायला लावला तर त्याचा हात हलतो. मी वैतागून म्हटलं, ह्या शेडमध्ये कुणाला धड दिसतं की नाही?

"मी करू का मावशी?" वैष्णवी कट्ट्याजवळून म्हणाली. "माझं आयटीआय झालंय. इलेक्ट्रॉनिक्स."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नंतर कळलं, लग्नाच्या बायोडाटात शिक्षणासमोर आयटीआय लिहिलेलं होतं. ह्या घरात सगळ्यांनी शिवणकाम धरून टाकलं होतं, आणि कोणता ट्रेड हे एकानंही विचारलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. हर्षलचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता.

झुंबरबाई खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, दुसऱ्या कुणालाबी बोलवा, तिचा हात नको. मी हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली.

"झुंबरबाई, तिचा हात चालत नसेल तर माझाही चालणार नाही. मी निघते."

आणि मी खरंच पिशवीत सामान भरायला लागले. हे नाटक नव्हतं, मी गेलेच असते. नानांनी आपलं बसायचं स्टूल उचललं आणि पेटीसमोर आणून ठेवलं, वैष्णवीकडे तोंड करून. ती आली आणि बसली. झुंबरबाई मेथीचं ताट घेऊन बाहेर टाकीपाशी जाऊन बसल्या. आत काय चाललंय ते दिसेल, अशाच बाजूला बसल्या म्हणा.

पोरीचा हात बघून माझं मन निवलं. लिंबाचा रस तिनं कानकोरण्याच्या कापसानं लावला, जेवढा लागेल तेवढाच. केबलीतून एक धागा सुटा काढला, दातांनी नाही, ब्लेडनं सोलला. सळई टेकवली, उचलली, संपलं. वर प्रश्न विचारत होती. लिंबूच का, पाणी का नाही? हा कॅपॅसिटर का बदलायचा नाही? मला कामात बडबडणारी माणसं डोक्यात जातात, पण ही जे विचारत होती ते विचारण्यासारखंच होतं. मध्येच तिच्या वडिलांचा फोन आला. ती उठून भिंतीकडे गेली आणि सगळं ठीक आहे अशा सुरात, बागलाणी बोलीत म्हणाली, "काय नही आबा, बठ्ठं बरं शे." परत येऊन बसली तेव्हा डोळे कोरडे होते.

मी म्हटलं, रडायचं असेल तर रड, मी कुणाला सांगत नाही. ती म्हणाली, रडू येत नाही मावशी, राग येतो. मग जरा वेळानं, सळई पुसता पुसता म्हणाली, मला माहेरी जायची लाज नाही वाटत, माझं घर आहे ते. पण मशीन चालू झाली म्हणून परत आणलं, असं नको मला. मग उद्या पुन्हा काही बंद पडलं की पुन्हा तेच. मी तिच्याकडे बघतच राहिले. मी मशीन चालू करायचा विचार करत होते आणि ही पोरगी त्याच्या पुढचा.

कीबोर्डचे दिवे लागले तेव्हा हर्षलनं टाळी वाजवली. मी त्याला म्हटलं, थांब, लगेच लग्नाची वरात काढू नकोस. कारण मला पेटीत एक आवाज यायला हवा होता आणि तो येत नव्हता. हार्ड डिस्क फिरत नव्हती.

ह्याला मात्र मी मनातून घाबरले. ती डिस्क वर्षानुवर्षं थांबलीच नव्हती. अशा डिस्कला एकदा थांबवून थंड केलं की आतली सुई तबकडीला चिकटून बसते आणि मोटारीच्यानं ती सुटत नाही. मशीनला चालवणारा सगळा प्रोग्रॅम तिच्यातच, त्याची दुसरी प्रत जगात कुठे असेल तर मला ठाऊक नाही. नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर टाकीपाशी ऐकू गेलं की नाही माहीत नाही, पण तिकडून मेथी मोडायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, उद्या करू. थंड डोक्यानं करायचं काम आहे. खरं तर मला रात्रभर तिची काळजी करायला वेळ हवा होता, पण हे मी त्यांना कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी डिस्क बाहेर काढून कापडात गुंडाळली आणि वैष्णवीला सांगितलं, हातात धर, ऊब मिळू दे. तिनं ती पदराखाली धरून ठेवली, चहा होईपर्यंत. तोवर मी नवी बॅटरी बसवली, नाण्यासारखी चपटी, घड्याळाच्या दुकानात मिळते ती, आणि तिच्यासाठी वेगळं घर करून दिलं, म्हणजे ही मेली तर कुणीही बदलावी. डिस्कच्या पाठीवर लेबल होतं, त्यावर तिचे आकडे होते. वैष्णवीनं ते एकेक करून पेटीला टाईप करून सांगितले. आता पेटीला आपली ओळख होती, फक्त डिस्क जागी व्हायची राहिली होती.

मी डिस्क हातात घेतली. बरणीचं घट्ट झाकण उघडताना मनगटाला जसा झटका देतो तसा एक झटका द्यायचा. कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर सगळंच संपलं. डोळे म्हातारे झालेत, मनगट नाही. झटका दिला, केबल लावली, वैष्णवीला म्हटलं, दाब. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

आधी नुसती गुणगुण. मग आवाज चढत गेला, चढत गेला आणि एका सुरावर स्थिर झाला. नानांनी त्या आवाजाला हात जोडले. मी मनातल्या मनात शुक्र अदा केला आणि ओरडले, कुणी पेटीच्या जवळ यायचं नाही, कुणी टेबलाला धक्का द्यायचा नाही. डिस्क फिरते आहे तोवर तिच्यातलं सगळं बाहेर काढलं, कॅमेऱ्यात असतं तसल्या एका छोट्या कार्डावर. त्या कार्डाला डिस्कच्या जागी बसवलं. आता ह्या पेटीत फिरणारं, चिकटणारं, थकणारं काही उरलं नाही, पंखा सोडला तर. जुनी डिस्क मी वैष्णवीला दिली. म्हटलं, हिला मान दे, हिनं लय राबून काढलंय.

रविवारी सकाळी मी पोचले तर वैष्णवीचे वडील, रंगनाथआबा, आधीच येऊन बसले होते. टोपी गुडघ्यावर, शेजारी कांद्याची पिशवी. लेकीला न्यायला आलेला बाप सासरच्या माणसांसाठी कांदे घेऊन येतो, काय म्हणायचं. नानांनी पोलादाची एक पट्टी मशीनवर बांधली. वैष्णवीनं पेटीवर प्रोग्रॅम लावला आणि तार पोलादाजवळ गेली. निळी ठिणगी पडली, पाणी उडायला लागलं, आणि पडद्यावर तो जुना पांढरा ठिपका तारेबरोबर सरकायला लागला. नाना वाकून बघत राहिले. मोठा श्वास सोडला तेव्हा कळलं, माणूस किती दिवस श्वास धरून होता.

झुंबरबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मशीनला हात लावून पाया पडल्या, मग देवासमोरचा करंडा आणला आणि वैष्णवीच्या कपाळाला कुंकू लावलं. आबांकडे वळून म्हणाल्या, माझंच चुकलं, पोरीचा पायगुण लय चांगला हाय, बसलेली मशीन उठवली तिनं. दिवाळसणाला दोघंबी येतील. आबांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. हर्षल हसला. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. मी सामान आवरायला लागले.

तेवढ्यात झुंबरबाईंनी पिशवीतून लाल फडकं काढलं आणि कॉम्प्युटरच्या बटणावर दोन गाठी मारून बांधलं. म्हणाल्या, आता ह्याला कुणी हात लावायचा नाय, आणि सूनबाई, तू तर अजिबात नको.

वैष्णवी मशीनपाशी उभी राहिली, पट्टी पूर्ण कापून होईपर्यंत. कापलेला तुकडा खाली पडला, नानांनी तो उचलून मापला आणि मान हलवली. मग ती कॉम्प्युटरकडे गेली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली.

झुंबरबाई म्हणाल्या, हर्षल, तिला आवर. हर्षल एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे बघत होते, आणि माझ्या हातात सळई होती, हे त्यानं बघितलं असेल नसेल. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"करू दे तिला, आई," तो म्हणाला.

दुसरी गाठ सुटली. वैष्णवीनं बटण दाबलं. पडदा काळा झाला, पंखा थांबला आणि शेडमध्ये बाहेरच्या रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज ऐकू यायला लागला. झुंबरबाईंनी तोंडावर हात ठेवला. नाना अर्धे उठले आणि तसेच राहिले. खरं सांगते, पेटी मी बांधलेली, बॅटरी मी बसवलेली, तरी सामान आवरायचं सोडून मीही बघत राहिले.

"आई," वैष्णवी म्हणाली, "माझा पायगुण वाईट नाही आणि चांगलाही नाही. ह्यात नवी बॅटरी आहे, एवढंच आहे. आता तुम्ही चालू करा."

झुंबरबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, मला नाय जमायचं, माझ्या हातनं काही झालं तर. वैष्णवी म्हणाली, झालं तर बानोमावशी आहेत, मी आहे. आणि बाजूला सरकून तिनं जागा करून दिली. आबा खुर्चीच्या कडेवर आले होते. मग झुंबरबाई पुढे आल्या, पदरानं बोट पुसलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पेटी एकदा टुक्‌ वाजली. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर आली, एक ओळ, दुसरी ओळ, आणि मग तीच ती जुनी यादी, जिच्यावरून मल्हारी रोज काम लावायचा. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही दाबलं नाही. पेटीला सगळं आठवत होतं.

झुंबरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे बघितलं. करंडा जवळच होता, पण त्याला हात लावला नाही. आबांनी कांद्याची पिशवी नानांच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, मग मी निघू का? वैष्णवी म्हणाली, निघा आबा, दिवाळीला आम्ही येतो. मी त्यांना फाट्यापर्यंत स्कूटरवर सोडायला तयार झाले.

दाराशी गेलो तर मागे पंखा थांबल्याचं ऐकू आलं. मी झटकन वळून बघितलं. झुंबरबाईंनी, कुणालाही न विचारता, कॉम्प्युटर स्वतः बंद केला होता. क्षणभर थांबून त्यांनी तो पुन्हा चालू केला. अक्षरं आली. त्यांनी परत बंद केला, परत चालू केला, आणि सुनेला जवळ बोलावून विचारलं, ही पहिली ओळ काय म्हणते ती मला वाचून दाखव.